बागेतले बारा सेकंद : ‘होरायझन्स’ राइडमधला एक देखावा नागपुरात उभा करताना

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमधली ‘होरायझन्स’ ही राइड ९ जानेवारी १९९९ रोजी कायमची बंद झाली. पुढे इमारतही पाडली आणि त्या जागेवर २००३ साली ‘मिशन: स्पेस’ ही दुसरी राइड सुरू झाली. नागपुरातल्या एका शाळेने २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी या बंद राइडमधला एकच देखावा वर्गात उभा करायचं ठरवलं : वाळवंटातली संत्र्याची शेती. हाताशी ९ बाय ६ मीटरचा आणि ३ मीटर उंचीचा एक वर्ग होता, आठवी-नववीची मुलं होती, विज्ञानाच्या मॅडम होत्या आणि मोटार रिवाइंडिंगच्या कामातून निवृत्त झालेले एक काका होते. शिवाय १९८० च्या दशकाअखेरीस आणि नव्वदीत त्या राइडमध्ये बसून आलेल्या चार नागपूरकरांच्या आठवणी होत्या.

हालचाल, प्रकाश, आवाज यांतल्या अडचणी ओळखीच्या निघाल्या आणि सुटल्याही. वासाने सगळ्यांचा घाम काढला, म्हणून इथे जास्त जागा वासाला दिली आहे.

मूळ राइड काय होती

एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलं आणि ‘होरायझन्स’ बरोबर एक वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ ला. प्रायोजक जनरल इलेक्ट्रिक. याच कंपनीने १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हा फिरत्या रंगमंचाचा खेळ प्रायोजित केला होता, आणि ‘होरायझन्स’ हा त्याचा पुढचा भाग मानला जातो. एका गाडीत चार जण शेजारी शेजारी बसत. गाड्या वरच्या रुळाला टांगलेल्या असत, न थांबता सरकत राहत, आणि प्रवाशांचं तोंड प्रवासाच्या दिशेला नसून बाजूच्या देखाव्यांकडे असे. पूर्ण फेरी सुमारे पंधरा मिनिटांची.

पहिल्या भागात जुन्या लोकांनी कल्पिलेला भविष्यकाळ होता : फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न, चित्रकार अल्बेर रोबिदा वगैरेंचा. मग दोन प्रचंड अर्धगोलाकार ऑम्निमॅक्स पडदे. त्यानंतर एका कुटुंबाच्या घराघरांतून भविष्याची सफर : शहरातलं घर, ‘मेसा व्हर्डे’ नावाची वाळवंटातली शेती, समुद्रावरची ‘सी कॅसल’, अंतराळातली ‘ब्रावा सेंटॉरी’. मेसा व्हर्डेत एक बाई नियंत्रण-कक्षात बसून तोडणीच्या यंत्रमानवांवर देखरेख करायची आणि त्याच वेळी प्रवाशांच्या नाकाशी संत्र्याचा वास यायचा. शेवटी गाडीतल्या चौघांनी बटणं दाबून मत द्यायचं : अंतराळ, वाळवंट की समुद्र. बहुमताने ठरलेल्या वाटेची सुमारे अर्ध्या मिनिटाची फिल्म गाडीबरोबर सरकणाऱ्या पडद्यावर दिसे.

जनरल इलेक्ट्रिकचा करार १९९३ मध्ये संपला आणि नवा प्रायोजक मिळाला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये राइड बंद झाली. वर्षभराने, शेजारच्या दोन मोठ्या राइड दुरुस्तीसाठी बंद होणार म्हणून, पुन्हा चालू केली आणि १९९९ ला कायमची मिटली. भविष्य दाखवणाऱ्या राइडची मोठी अडचण अशी की भविष्य दर दहा वर्षांनी रंगवून घ्यावं लागतं, आणि रंगाचे पैसे देणारा कुणीतरी लागतो. एक गंमत जाताजाता : ‘स्वप्न पाहू शकतो तर करूही शकतो’ या अर्थाचं जे इंग्रजी वाक्य वॉल्ट डिस्नेंच्या नावावर भिंतीभिंतींवर लावलेलं असतं, ते या राइडसाठी टॉम फिट्झगेराल्ड यांनी लिहिलं होतं. डिस्ने १९६६ सालीच गेले होते.

आठवणी गोळा करताना

इथे क्रम महत्त्वाचा ठरला. या राइडचे व्हिडिओ भरपूर मिळतात. माणसाला आधी व्हिडिओ दाखवला की त्याची आठवण आणि व्हिडिओ यांची खिचडी होते आणि मग ती वेगळी करता येत नाही. म्हणून मॅडमनी चार पायऱ्या ठरवल्या. आधी काहीही न दाखवता बोलू द्यायचं आणि रेकॉर्ड करायचं. मग कोरा कागद देऊन गाडी आणि देखावा कुठे होता ते काढायला सांगायचं. वासाची चाचणी त्यानंतर. व्हिडिओ अगदी शेवटी.

चौघांपैकी एकालाही देखाव्यांचा क्रम सांगता आला नाही. दोघांनी समुद्र आणि वाळवंट यांची अदलाबदल केली. पण संत्र्याचा वास आणि बटणं चौघांनी न विचारता सांगितली. धरमपेठेतल्या आजींचं सांगणं सगळ्यांत कामाचं निघालं. मुलीने विचारलं, “आजी, वास शेत दिसल्यावर आला की आधी?” आजी थांबल्या आणि म्हणाल्या, “आधी अगं. मी यांना म्हटलं, कोणी फळ आणलंय वाटतं पर्समध्ये, आणि मग वळलो तर समोर बाग!” एका माणसाची आठवण पुरावा होत नाही, पण सगळ्या मांडणीसाठी हाच आधार धरला : वास दृश्याच्या किंचित आधी पोचला पाहिजे.

वासाच्या चाचणीसाठी झाकणाच्या चार काचेच्या बरण्या घेतल्या, वरून कागद गुंडाळून आतलं दिसणार नाही अशा. एकीत ताज्या संत्र्याची साल, दुसरीत मोसंबीची साल, तिसरीत सरबतात घालतात तो ऑरेंज इसेन्स कापसावर दोन थेंब, चौथीत नुसता कापूस. दोन वासांमध्ये एक मिनिट थांबायचं आणि बाहेरच्या हवेत श्वास घ्यायचा. दोघांनी मोसंबीच्या बरणीवर बोट ठेवलं, एकाने इसेन्सवर, एकाने कशावरच नाही.

नागपूरकराला मोसंबीचा कौल विचित्र वाटेल, पण वनस्पतीशास्त्र त्याच्या बाजूने आहे. आपलं नागपुरी संत्रं म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा, सैल सालीचं मँडरिन. फ्लोरिडात ज्याच्या बागाच्या बागा होत्या ते घट्ट सालीचं फळ सिट्रस सायनेन्सिस, म्हणजे आपल्या मोसंबीच्या जातीचं. दोन्हींच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन हे वासाचं द्रव्यच असतं, पण उरलेल्या थोड्या घटकांमुळे मँडरिनला ती थोडी उग्र, फुलासारखी छटा येते जी मोसंबीत नसते.

काटोलकडच्या एका बागाईतदारांनी दुसरी चूक दाखवली. “बागेत फळ असा वास देत नाही जी. सोलल्यावर देते. बागेत पानं चुरगळा, नाहीतर बहार असू द्या.” फेब्रुवारीत आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या मोहराची) फुलं असतात, मृग बहाराची (पावसाळ्यातल्या मोहराची) फळंही तोडणीला आलेली असतात, त्यामुळे हे दोन्ही वास आणून ताडून पाहता आले. शेवटचं मिश्रण असं ठरलं : बाजारात मिळणारं थंड दाबाचं (साल न तापवता दाबून काढलेलं) गोड संत्र्याचं तेल, आणि पेटीत दर तासाला मूठभर ताजी चुरगळलेली पानं.

पहिला प्रयत्न : धुकं

पहिल्या मांडणीत घरगुती अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर वापरला. अर्धा लिटर पाण्यात दहा थेंब तेल, देखाव्याच्या मागे ठेवलेलं यंत्र, समोर बारीक धुक्याचा झोत. दिसायला सुरेख. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीसमोरच्या पहिल्या रांगेतली झाडं बघण्यासारखी झाली होती. फळं म्हणून लावलेले थर्माकोलचे मणी वितळून तारेला चिकट थेंबांसारखे लोंबत होते आणि वरचा नारिंगी रंग सुरकुतून सालीसारखा सैल पडला होता. मागच्या टेकड्या थर्माकोलच्याच होत्या, त्यांना खड्डे पडले होते.

कारण साधं आहे. लिमोनीन पॉलिस्टायरिनला विरघळवतं. टाकाऊ थर्माकोल विरघळवून त्याचं आकारमान कमी करायला ते मुद्दाम वापरलं जातं. नुसत्या वासाने, म्हणजे वाफेने, हे इतक्या लवकर झालं नसतं. धुक्याच्या प्रत्येक थेंबावर बसून तेल थेट देखाव्यावर पोचत होतं. ह्युमिडिफायरच्या प्लास्टिक टाकीलाही आतून बारीक चिरा पडल्या. फरशीवर तेलकट थर आला, म्हणजे मुलं घसरायची सोय झाली.

यातून दोन निर्णय निघाले. देखाव्यातून थर्माकोल पूर्ण हद्दपार : टेकड्या कागदाच्या लगद्याच्या, झाडं तारेची आणि सुतळीच्या धाग्यांची, फळं रंगवलेले लाकडी मणी. आणि वास कोरड्या हवेतूनच द्यायचा, थेंबांतून नाही.

मधल्या काळात एका मुलाने मच्छर पळवणाऱ्या मशीनच्या रिकाम्या बाटलीत तेल भरून पाहिलं. हे अजिबात करू नये. लिमोनीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि त्या मशीनची कांडी त्याहून बरीच जास्त तापते. शिवाय गरम आणि जुन्या झालेल्या तेलाचं ऑक्सिडीकरण होऊन त्याला टर्पेंटाइनचा वास येतो. बागेऐवजी रंगाचं दुकान आठवतं.

चाललेली पेटी

डिस्नेने वासासाठी स्वतःचं यंत्र बनवलं होतं. ते ‘स्मेलिट्झर’ या नावाने ओळखलं जातं आणि रॉबर्ट मॅकार्थी यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. शाळेतली पेटी त्याच कल्पनेची गरीब बहीण. झाकणाचा स्टीलचा डबा, सुमारे पाच लिटरचा. एका बाजूला ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा संगणकातला पंखा. त्यात ब्रश नसतात म्हणून ठिणगी पडत नाही, हे इथे महत्त्वाचं. आत जाळीवर नमद्याचा (दाबून केलेल्या जाड कापडाचा, फेल्टचा) हातभर तुकडा दुमडून ठेवलेला. दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तो चार इंची ॲल्युमिनियमचा पाइप, दोन मीटर. पाइपच्या तोंडाशी पत्र्याची झडप, तिला छोटी सर्वो मोटार (ठरलेल्या कोनात फिरून थांबणारी). पंखा बंद असताना झडप घट्ट बंद राहिली नाही तर वास गळत राहतो. कडेला नमद्याची पट्टी चिकटवल्यावर गळती थांबली.

नळीचं तोंड बसणाऱ्यांच्या नाकापासून ६० सेंटिमीटरवर, थोडं खालून वर. याहून लांब गेलं की चार जागांपैकी फक्त मधल्या दोघांना वास येतो. तोंडाला पंख्याच्या आकाराचा पत्रा लावून झोत आडवा पसरवावा लागला.

आता हालचाल. टांगलेला रूळ वर्गाच्या छताला झेपणारा नव्हता, तेव्हा चार जणांचा बाक चाकांवर बसवला आणि ७ मीटरच्या प्लायच्या पट्ट्यावरून दोरीने ओढला. तोंड बाजूला, अगदी मूळ राइडसारखं. ओढायला भंगारातून आणलेली गाडीची वायपर मोटार, मंद वेगाला मिनिटाला साधारण ४२ फेरे. ९ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमवर दोरी गुंडाळली की वेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या जवळ येतो. पूर्ण प्रवास ३५ सेकंद, बागेच्या २.४ मीटर रुंदीच्या देखाव्यासमोर बारा सेकंद. सुरुवातीला मुलं हाताने ओढत होती, पण मग वेग प्रत्येक फेरीला वेगळा आणि वासाची वेळ चुकलीच.

वेळेचा हिशेब काकांनी खडूने फळ्यावर मांडला. नमदा आडवा असताना पाइपातली हवा सेकंदाला मीटरभरापेक्षा जरा कमी वेगाने जाते. दोन मीटर पाइप म्हणजे सव्वादोन सेकंद, पुढे उघड्यावर ६० सेंटिमीटरला आणखी जवळपास एक सेकंद. म्हणजे पंखा सुरू केल्यापासून नाकापर्यंत तीन सेकंदांहून थोडं अधिक. वास दृश्याच्या एक सेकंद आधी हवा, तर पंखा देखाव्याच्या चार-सव्वाचार सेकंद आधी, म्हणजे ८० ते ८५ सेंटिमीटर अलीकडे सुरू व्हायला हवा. तिथे पट्ट्याला रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा), बाकाखाली लोहचुंबक. पंखा तीन सेकंद चालतो, मग झडप बंद.

वास घालवणं हे वास आणण्याइतकंच काम आहे, आणि हे बहुतेक लोक विसरतात. खोलीत वास साचला की दाराशीच संत्रं भेटतं आणि बागेपाशी काही घडत नाही. पाइपाच्या समोरच्या भिंतीत ९ इंची दोन एक्झॉस्ट पंखे बसवले. प्रत्येकी तासाला सुमारे ७०० घनमीटर धरले तर १६२ घनमीटरची खोली तासात साडेआठ वेळा बदलते. प्रत्यक्षात पडद्यांमुळे कमीच, पण दोन फेऱ्यांमध्ये दीड मिनिट ठेवल्यावर पुरलं.

पहिल्या दिवशी नाकाचा घोळ

प्रदर्शनाच्या पहिल्या सकाळी नमद्यावर २ मिलिलिटर तेल होतं. वीसेक मिनिटांनी आतल्या मुलांना वास येईना, म्हणून त्यांनी आणखी २ घातलं, मग आणखी. अकरा वाजता बाहेर आलेली एक आई डोळे चोळत म्हणाली की फार झालं. तेल कमी पडलं नव्हतं; आतल्या मुलांची नाकं सरावली होती. सतत एकाच वासात बसलेल्या माणसाचं नाक काही मिनिटांतच तो नोंदवणं सोडून देतं.

तेव्हापासून नियम असा झाला : तेल घड्याळाने घालायचं, नाकाने नाही. दर ४० मिनिटांनी २ मिलिलिटर, सिरिंजने मोजून, वहीत वेळ लिहून. दुपारी बारानंतर, नागपूरच्या फेब्रुवारीअखेरच्या उकाड्यात तेल लवकर उडतं, म्हणून दर ३० मिनिटांनी. तपासणीला तास-दीड तास बाहेरच्या मैदानावर असलेलं मूल बोलवायचं आणि त्याला काही न सांगता फेरीत बसवायचं.

नागपूरची खास अडचण निराळीच. पहिल्या दिवशी बागेसमोर वास येताच बाकावरून एक आवाज आला : “कोण संत्रा सोलून राहिलं बे?” सगळे हसले आणि मागे वळून बघू लागले. देखाव्याकडे कुणाचं लक्षच नाही. आजींच्या पर्समधल्या फळाचा हा थेट भाऊ, पण आजी फ्लोरिडात होत्या आणि ही पोरं डब्यात संत्री घेऊन फिरणाऱ्या गावात. उपाय म्हणून वर्गाच्या दाराशीच फळं बाहेर ठेवायला लावली, पानांचं प्रमाण वाढवून सालीच्या तेलाचं कमी केलं, आणि वासाच्या त्याच सेकंदाला बागेवरचा दिवा मंद पिवळ्यावरून पूर्ण उजेडात आणला. नाक कुठे बघायचं ते सांगत नाही, ते काम दिव्याने केलं. दुसऱ्या दिवसापासून माना समोर वळू लागल्या.

दमा असलेल्यांसाठी दाराशी पाटी लावली होती आणि त्यांना पंखा बंद ठेवून फेरी दिली. तेल हाताळणाऱ्यांना हातमोजे; जुन्या तेलाने काहींच्या कातडीला खाज सुटते.

बटणं

चार जागा, प्रत्येकी तीन बटणं, एकूण बारा, एका अर्दुइनो उनो बोर्डावर (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड). त्याच्या डी-२ ते डी-१२ आणि ए-० या पिना वापरल्या. डी-१३ टाळली, कारण तिच्यावर बोर्डाचा दिवा असतो आणि जुन्या बोर्डांवर त्यामुळे बटण नीट वाचलं जात नाही. पहिल्या दिवशी कुणी न दाबताच मतं पडत होती. वायपर मोटारीचे ब्रश ठिणग्या टाकतात आणि बटणांच्या चार-पाच मीटर लांब तारा तो गोंगाट पकडतात. मोटारीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वेगळा वीजपुरवठा आणि प्रत्येक बटणाला ४.७ किलोओमचा पुल-अप रोधक (बटण न दाबता तार स्थिर ठेवणारा) लावल्यावर भुतांचं मतदान थांबलं. ही मोटार आणि तेलाची पेटी खोलीच्या विरुद्ध टोकांना होत्या, ते ठिणग्यांमुळेच.

मत द्यायला आठ सेकंद. लहान मुलं तिन्ही बटणं बडवतात, म्हणून शेवटचं दाबलेलं धरायचं. दोन-दोन अशी बरोबरी झाली तर ज्या पर्यायाला पहिलं मत पडलं तो जिंकतो. हा नियम पाटीवर लिहिला नव्हता तोवर बाकावर भांडणं झाली.

तीनही फिल्म मुलांनी पुठ्ठ्याच्या मॉडेलवर मोबाइलने चित्रित केल्या होत्या, प्रत्येकी ३० सेकंदांच्या. वाळवंटाच्या फिल्ममध्ये यंत्रमानवांच्या जोडीला ठिबकच्या नळ्या दाखवल्या, मूळ राइडमध्ये होत्या की नव्हत्या याची पर्वा न करता. नरखेड-काटोलच्या मुलांना पाण्याशिवाय संत्र्याची बाग दाखवली तर ती हसतात.

आवरताना

थर्माकोल नसल्यामुळे देखावा जसाच्या तसा पुन्हा वापरता येतो. तेलाचा नमदा मात्र चुरगळून कचऱ्यात टाकू नये. असे तेलकट बोळे हवेत ऑक्सिडीकरणाने तापू शकतात. तो पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात घालून मगच टाकावा. उरलेलं तेल काठोकाठ भरलेल्या लहान काचेच्या बाटलीत, अंधारात, फ्रिजमध्ये. अर्धी रिकामी बाटली वर्षभर ठेवली तर पुढच्या फेब्रुवारीला टर्पेंटाइनच निघेल. वहीतली तेलाची नोंद, पाइपाची लांबी आणि रीड स्विचची जागा या तीन गोष्टी देखाव्याच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवल्या आहेत. पाइप बदलला तर खडूचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.